धुरात हरवलेली रेघ

बाबा, अंगणातलं ऊन आज मला जुन्या धोतरासारखं विरलेलं दिसलं. पन्नास सालानंतरची ती वर्षं, मोहफुलांचे दिवस. सिंदेवाहीकडच्या एका शेतीकेंद्रात तुम्ही हवामानाच्या नोंदी घेत होतात आणि मी मास्तरकीचं शिकून नुकताच घरी आलो होतो. चौथऱ्यावर काचेचा भरीव गोळा होता. त्यातून ऊन एकवटून मागच्या जाड कागदी पट्टीवर पडायचं, आणि सूर्य सरकेल तशी तिच्यावर जळकी रेघ उमटत जायची. रेघ जेवढी लांब, तेवढं त्या दिवसाचं ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी तुम्हाला सकाळची रेघ दिसेना. तुम्ही घाबरलात. डोळे गेले तर नोकरी जाणार, राहतं क्वार्टरही जाणार. जेवताना विषय निघाला तशी आई म्हणाली, "मोहाचे दिवस व्हय, सूर्यही पिऊन येत असंल!" तुम्ही हसला नाहीत. पट्टी माझ्यापुढे धरलीत. "तुले कुठून दिसते रे रेघ?" "सकाळची नाईच बाबा. ऊन वर आल्यावरची दिसते." केवढा मोठा श्वास सोडलात तुम्ही! मोहफुलं वेचायला लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो धूर रानावर साचतो. सकाळचं तिरपं ऊन त्यातून लांबची वाट कापत येतं, वाटेतच त्याचा जोर सरतो, पट्टी जाळण्याइतकं उरतच नाही, असं मला समजावत राहिलात. आणि मध्येच, आईकडे बघून, "मंग माहे डोळे बरे हायेत."

मग एका संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी हवा इतकी धुतलेली, की दूरच्या डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं. दिवस बुडाल्यावर तुम्ही पट्टी काढता, उरल्या उजेडाकडे धरता. "धूर हायेच अजून. सकाळची रेघ आजही नाई." मी बघतो. रेघ सकाळच्या टोकापासून काळीकुट्ट आहे, जळून आरपार गेली आहे. तुम्ही माझ्याकडे वळता, मग पट्टीवरून हळूच नख फिरवता. ते चिरेत अडकतं. बराच वेळ तुम्ही ते तिथंच धरून उभे. "तुह्या मायले सांगू नको," एवढंच म्हणालात.

हे पत्र मी कुठं टाकणार? ओळीही एकमेकींवर चढल्या असतील. शाळेतल्या कविता मी नातवंडांना अजून म्हणून दाखवतो, पुस्तक न उघडता. म्हाताऱ्याला सगळं पाठ आहे, याचं घरात फार कौतुक. बाबा, परवा कुणी नसताना मी ते पुस्तक उघडलं होतं. पान कोरं दिसलं.