रिकाम्या नंबरावरचा आवाज

३ फेब्रुवारी १९७४

मंगरूळपीरच्या एसटीतून कपडे झटकतच उतरलो. कॉलेज गावाबाहेर आहे. त्याच्या सगळ्या इमारती टेलिफोनने एकमेकींना जोडायच्या, हे माझं काम. प्राचार्य माणिकरावांनी माझा आराखडा उलटा धरून मान डोलावली. मी आलो नसतो तर ही मंडळी जन्मभर शिपाई पळवत बसली असती. तरी मन खुशीत आहे. एवढं जाळं पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या डोक्यातून उतरणार.

११ फेब्रुवारी

तारा ओढून झाल्या: ऑफिस, वसतिगृह, ग्रंथालय, पंपघर. स्विचबोर्डवर बेबीबाई नावाची मॅट्रिक झालेली बाई नेमली आहे. फोन आला की त्या नंबराची झाकणी पडते, मग दोरीची पिन भोकात घालायची. एवढं शिकायला तिने आठवडा घालवला. वायरमन जगदेव खांबावर चढण्याआधी खांबाला नमस्कार करतो. मी विचारलं, हा तुझा कोण लागतो? सगळे हसले. तो हसला नाही.

१५ फेब्रुवारी

बेबीबाई म्हणते, शेवटच्या नंबराची झाकणी पडते. त्या नंबराला तारच जोडलेली नाही. मी झापलं, तर म्हणाली, "साहेब, तिकून तुमीच बोलून राह्यले. मले मनता, अक्कल हाय का नाही?" मी तिच्या शेजारीच उभा होतो. कामचुकारपणा लपवायला या लोकांना भूतच सापडतं.

१८ फेब्रुवारी

दुपारी झाकणी पडली. मी स्वतः पिन घातली, ऐकलं. माझाच आवाज. नाकातून येणारा, समोरच्याला किडा समजणारा. मी असा बोलतो? तो म्हणाला, वसतिगृह द्या. मी दोरी उपटली. तरी वसतिगृहाची घंटा वाजली. बेबीबाई उठून गेली ती परतलीच नाही.

२० फेब्रुवारी

जगदेव गेला. पंपघराजवळच्या विजेच्या खांबावर चढला, चालू तारेला चिकटला. पंपावरचा शेषराव सांगतो, हुकूम साहेबांनीच फोनवरून दिला. लाइन चालू हाय, असं जगदेव विनवत होता. मी म्हणालो— तो आवाज म्हणाला— भित्र्या, चढ. मी तेव्हा खोलीत झोपलो होतो. कोण मानेल? बोलणं माझ्याच तोंडी शोभणारं.

२१ फेब्रुवारी

बोर्डामागच्या सगळ्या तारा कापल्या. हातात तुकडे आहेत. तरी घंटा वाजतायत, सगळ्या इमारतींत एकदम. आणि हे बिनडोक लोक फोन उचलतायत! उचलू नका म्हणून ओरडलो. घशातून नुसती हवा—

२२ फेब्रुवारी

आवाज फुटत नाही.

फोनवरून 'मी' सगळ्यांना सांगितलंय— एक वायरमन मेला तर एवढं काय.

दाराबाहेर माणसं. शेषराव. जगदेवची बायको भागिरथा. ती रडत नाही. दारावर थाप मारून म्हणतेय, "साहेब, येक डाव मना, म्या नाही सांगतलं. मंग आमी चाललो."

नाही सांगितलं. नाही. ओठ हलतायत, बस. हे पान फाडून दाराखालून सरकवतो—

थांब. या खोलीत फोन नाही. कधीच बसवला नाही.

माझ्या पाठीमागून कोणीतरी तिला उत्तर देतंय. स्पष्ट, मोठ्यानं, माझ्या आवाजात— हो, मीच—

दार मोडतायत. मागे वळून पाह—