भरलेल्या पिंपाचा आवाज

मार्तीग, शुक्रवार, ३ मे १९१२
बंदरावरच्या सुतारांनो, शिडं शिवणाऱ्या बायांनो! विमान बांधायचं आपण, आणि मरायचंही आपणच! — अशीच सुरुवात केली आज. विमान उडवताना तळ्यात कोसळून मेलेल्या गास्पार्दला पुरलं आणि तसाच बंदरावर गेलो, पिंपावर चढलो. दोनशे माणसं. विमान-कारखान्याचे मालक दाल्मासना तोंडावर खुनी म्हटलं. "स्वस्तातलं इंजिन लावून दुसऱ्यांना मरायला धाडता! स्वतः कधी बसलात त्यात?" लोक पेटले. बरोबरच केलं मी!

४ मे
नोरीन आली, गास्पार्दची बायको. पाव आणि माशाची सुकी गाभोळी घेऊन. "बार्तीभाऊ, तुम्ही बोललात म्हणून उभी आहे मी."

६ मे
बुडालेलं विमान तळ्यातून ओढून काढलं. इंजिन खोललं — खोट नाही. "मालकांनी विकत घेतलंय तुम्हाला!" इंजिन तपासणाऱ्यांवर मी ओरडलो. मग विमानाखालच्या, त्याला पाण्यावर तरंगवणाऱ्या लाकडी तरंगपेटीवर सहज बोटं वाजवली. जड, बसका आवाज.

उडण्याआधी गास्पार्दनेही अशीच टकटक केली होती. "बार्ती, हे भरलेल्या पिंपासारखं वाजतंय रे." मी हसलो होतो. "लाकूड पाणी पितंय, पिऊ दे. तू आपलं आभाळाचं बघ!"

७ मे
कुणी दार वाजवलं तरी तोच आवाज.

९ मे
लिहूनच टाकतो. नवी होडी आम्ही दगड घालून तीन दिवस बुडवून ठेवतो. फळ्या फुगतात, फटी बुजतात. आजोबांनी केलं, बापाने केलं. विमानाच्या पेट्याही मी तशाच बुडवल्या. आराखड्यावर मालकांच्या हातचं लिहिलेलं होतं — कोरड्या ठेवा. एवढी पुस्तकं वाचलेला मी, ती एक ओळ मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवलं! नंतर पाणी उपसलं. कोपऱ्यांतलं राहिलं, लाकडातलं राहिलं. विमान वर गेलं तेच त्या वजनाने डावीकडे कलंडून.

नोरीनला काय सांगू?

११ मे
मालक रस्त्यात भेटले. "दुसऱ्यांना मरायला धाडतो म्हणालास ना? उद्या दुसरं विमान मीच उडवणार. ये बघायला."

कारखान्यात गेलो. ओनोराकाका, आमच्यातले सगळ्यांत जुने सुतार, हात पुसत होते.

"काका, पेट्या कोरड्या आहेत ना?"

"कोरड्या? खुळा की काय तू! तीन दिवस बुडवल्या, आत्ताच जोडल्या. मागे तू केल्यास तश्शाच!"

धावत मालकांकडे गेलो. दार बडवलं. "पेट्या ओल्या आहेत, मालक!" आतून आवाज — "भाषणं पुरे झाली तुझी." दार उघडलं नाही.

रविवार, १२ मे, सकाळ
इंजिन वेग घेईपर्यंत विमान आमचीच माणसं दोराने धरून ठेवतात. पुन्हा त्याच पिंपावर चढणार आहे. नोरीन पुढेच असेल. एवढंच बोलायचं —

बंदरावरच्या सुतारांनो, गास्पार्दला मी मारलं. दोर सोडू नका!