पाच थर, एक ओगराळं

नवनगर, हुबळी
८ जानेवारी २०२५

ती. अंबूआत्यास,
वेदश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाला यंत्र लावायला तू तयार नाहीस. तेव्हा तुझ्या भाचीने पेन शोधलं आहे. कलघटगीला थंडी कशी आहे? गुडघ्यांना तेल लावतेस ना?

बाळाचार्य आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन ९ फेब्रुवारीला आमच्याकडेच ठरलं. सत्तर पानं होतील. दिवाळीत बेंगळूरूच्या बँकेतली नोकरी सोडून मी घरी आले, तेव्हापासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. मी समोर बसलेली असले तरी, पाणी तापलंय म्हणून मुलीला सांग, असा निरोप आईकडे देतात. बिचारी आई तोच निरोप मला पुन्हा सांगते!

तर परवा आईमार्फत एक अट आली. त्या दिवशीचं गोड मी करायचं. पहिल्या पंगतीला सगळी वडीलधारी मंडळी असतील. त्यांच्यापैकी कुणीही ते पानात टाकलं नाही, तर बाहेरची खोली मला मिठाया करायला मिळेल. हो, तीच, जिथे अप्पा पक्षकारांना घेऊन बसायचे आणि वकिली सोडल्यापासून नुसतं पेपर वाचतात. टाकलं, तर एक मार्चला बेंगळूरूला परत. बँकेतले जुने साहेब घ्यायला तयार आहेत. मी हो म्हटलंय, आत्या.

मनात पाच थरांचं गोड आहे. तळाला केशरदुधात भिजवलेला बिनअंड्याचा केक, त्यावर गाजरहलवा, मग चिरोट्यांचा चुरा, मग श्रीखंड, आणि वर धारवाडी पेढा कुस्करून. काचेच्या वाट्यांमध्ये लावीन म्हणते, म्हणजे थर दिसतील. कुठे फसेन ते आधीच सांग.

तुझ्या लोभावरच सगळी मदार आहे.
तुझी,
वेदश्री


कलघटगी
१३ जानेवारी २०२५

चि. वेदश्रीस,
अंबूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून तुझ्या चार चुका लाल शाईने दुरुस्त करून ठेवल्यात. आलीस की दाखवीन.

फसशील ती जागा पहिल्या वाचनातच सापडली. सत्तर काचेच्या वाट्या? अगं, बाळाचार्य काका जन्मभर केळीच्या पानावर जेवले. वाटीत खातात ते आजारी लोक, असं त्यांचं मत आहे. आणि पानावर तुझं ते पातळ श्रीखंड वाढलंस, तर केकसकट वाहत जाऊन आमटीला भेटेल. तेव्हा वडी कापता येईल इतकं घट्ट कर. ताटांत थर लाव आणि सपाट उलथण्याने तुकडे उचल. चक्का दोन दिवस टांग. म्हशीचं दही आमच्या भारतीकडून घेऊन मीच टांगीन. चिरोट्यांचा चुरा करू नकोस, अख्खे पसर. खालचा ओलावा वर चढणार नाही आणि वरचं वजनही पेलेल. बाटलीतलं इसेन्स घरातसुद्धा आणू नकोस. पेढ्याची काळजी नको. काका बाजारचं काही खात नाहीत, पण पेढा देवाच्या नावाखाली खातात.

मी दोन दिवस आधी येते. पहिली पंगत मी वाढीन, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

सुमंताचं, तुझ्या अप्पाचं, मनाला लावून घेऊ नकोस. त्याने मास्तरकी करावी असं आमच्या वडिलांना वाटत होतं. तो वकिली शिकायला गेला, तर वडील चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत. तेव्हा जेवायला ये म्हणून निरोप पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. तो हे विसरलेला दिसतो. तुझ्या आईला, उत्तराला, माझे आशीर्वाद सांग.

आशीर्वाद आहेतच, साखर मात्र बेताने घाल.
अंबूआत्या


नवनगर
२९ जानेवारी २०२५

ती. अंबूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तीनदा करून पाहिलं. पहिल्यांदा ताट कलतं झालं आणि श्रीखंड केकला सोडून निघून गेलं. दुसऱ्यांदा हलव्याला पाणी सुटलं. आईने दोन्ही वेळा चवीला छान आहे म्हटलं, पण चमच्याने खाल्लं, तुकड्याने नाही, त्यावरून मी ओळखलं. तिसऱ्यांदा हलवा कोरडा होईपर्यंत परतला, अख्खे चिरोटे पसरले, आणि आत्या, तुकडा उभा राहिला! पाचही थर सरळ. शेजारच्या रेश्माला दिला, तर तिने खाण्याआधी तो फिरवून फिरवून चारी बाजूंनी पाहिला. मला तेवढंच हवं होतं गं.

ताटं शेजाऱ्यांच्या तीन फ्रिजांमध्ये राहतील. एक लाड मात्र करणार आहे. पहिल्या पंगतीचं गोड आईच्या लग्नातल्या खोल काचेच्या भांड्यात लावणार. आजोबांना आधी बाजूने थर दाखवायचे, मग उलथणं सरळ खाली घालून तुकडा काढायचा आणि पानावर ठेवायचा. गार राहावं म्हणून भांड्याला ओला पंचा गुंडाळलेला असेल, तो तेवढा सोड. कसं वाढायचं ते आईला सांगितलं, मदतीला येणाऱ्या गोदूबाईंना सांगितलं. अप्पांना नाही सांगितलं. कसं सांगू? ते खोलीत शिरले की मी गप्प होते आणि मी शिरले की ते पेपर उघडतात. आणि वाढणारी तर तूच आहेस.

लवकर ये. वाट बघते.
तुझीच,
वेदश्री


कलघटगी
७ फेब्रुवारी २०२५

चि. वेदश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावू नकोस. काल मागच्या पायरीवरून घसरले आणि पाय मुरगळला. हाड मोडलेलं नाही, पण पाऊल भोपळ्यासारखं सुजलंय आणि डॉक्टरांनी आठ दिवस उठायचं नाही म्हणून सांगितलंय. भारतीचा नवरा महादेव हुबळीला निघालाय, त्याच्याबरोबर चक्का आणि ही चिठ्ठी पाठवते. चक्का पोरीसारखा सांभाळून आणायला सांगितलंय.

माझ्या जागी पहिल्या पंगतीला कोण वाढणार ते ठरव आणि त्याला नीट समजावून सांग. सुमंताला सुद्धा सांग. तू बोललीस म्हणून तो काही तुला खाणार नाही.

मला फार यायचं होतं गं. इथूनच आशीर्वाद.
अंबूआत्या


नवनगर
११ फेब्रुवारी २०२५

ती. अंबूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाय कसा आहे ते आधी कळव.

कार्य छान झालं. ओवाळताना आजोबा इतके तजेलदार दिसत होते की निरांजनांची गरजच नव्हती. पण माझं ते झालं नाही, आत्या. तुझं ऐकलं नाही. अप्पांना सांगायला दोनदा गेले आणि दोनदा नुसता चहा ठेवून परत आले. गोदूबाई वाढतील असं ठरलं होतं. पण पानं मांडल्यावर अप्पा म्हणाले, काकांना गोड यजमानानेच वाढायचं. सोवळं नेसलेले, भांड्याला पंचा तसाच गुंडाळलेला. मी मागच्या दारी ताटांतले तुकडे सोडवत होते, आई आणि गोदूबाईही माझ्याबरोबर होत्या. आत आले तो अप्पांच्या हातात ओगराळं! खीर वाढण्याआधी करतात ना, तळाचे बेदाणे सगळ्यांना मिळावेत म्हणून? तसंच त्यांनी तळापासून तीनदा ढवळलं. मनापासून, नीट. मग वीस पानांवर तो काला पडला.

आजोबांनी खाल्लं, छलो आग्येद, छान झालंय म्हणाले आणि इन्ना स्वल्प हाक, अजून थोडं वाढ, म्हणून पुन्हा मागून घेतलं. पण सात पानांवर राहिलं. हे नक्की काय आहे तेच कुणाला कळेना. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंगतीला ताटांतले तुकडे गेले, आणि आत्या, एकाही पानात कण राहिला नाही. माणसं तुकडा उचलून बघत होती. पण अट पहिल्या पंगतीची होती.

वाढून झाल्यावर पंचा सुटला आणि लडबडलेली काच दिसली. अप्पा ओगराळं घेऊन तसेच उभे राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रिकामी ताटं बघून थोडी हसलेसुद्धा. बँकेच्या साहेबांना पत्र लिहून ठेवलंय. उद्या टाकीन.

तुझ्या चक्क्याला कुणीही नावं ठेवली नाहीत, एवढं लक्षात ठेव.
तुझी,
वेदश्री


बाहेरची खोली, नवनगर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. वेदश्रीस,
अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच घरातून पत्र लिहितो आहे म्हणून हसू नकोस. बोलायला आलो की नुसताच खाकरतो आणि परत फिरतो. काल तीनदा तसं झालं.

मुद्द्याचं लिहितो. अट माझी, परीक्षा माझी, आणि पुरावा नष्ट केला तोही मीच, वीस साक्षीदारांसमोर, ओगराळ्याने. स्वतःच्या चुकीचा फायदा कुणालाही घेता येत नाही, हे मी चाळीस वर्षं कोर्टात सांगत आलो. ते घरात लागू नाही, असं म्हणायला माझ्याकडे युक्तिवाद नाही. सबब अट रद्द. पुन्हा परीक्षाही नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. गोड कसं वाढायचं ते घरात कुणाकुणाला माहीत होतं, असं मी उत्तराला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही सोडून सगळ्यांना. तू मला सांगू शकशील एवढी जागाच मी ठेवली नव्हती. आमचे वडील माझ्याशी चार महिने बोलले नव्हते. मी तसा बाप होणार नाही, असं तेव्हा ठरवलं होतं. मी पाचव्या महिन्यात पोचायच्या बेतात होतो. वाईट वाटतं, बाळ.

सकाळपासून कायद्याची पुस्तकं वरच्या खोलीत हलवली. टेबल मुद्दाम ठेवलंय, लाटायला उपयोगी पडेल. खोलीची किल्ली रव्याच्या डब्यावर आहे. बँकेचं पत्र देव्हाऱ्यापाशी दिसलं, वाचलं नाही. टाकायचं की फाडायचं ते तू ठरव. कुठलंही केलंस तरी मी पेपर उघडणार नाही.

एक विनंती आहे. त्याच काचेच्या भांड्यात एकदा थोडंसं कर. पाहुणे नकोत, पंगत नको. ओगराळं माळ्यावर टाकलंय. आधी मी बाजूने बघेन. मग तू तळापासून एकेक थर कशाचा ते सांग. मी ऐकतो.

मागायचा हक्क नसताना लोभ मागतो आहे.
तुझा,
अप्पा