ओढ्यापलीकडची रोपलावण

आई,

नव्वदच्या दशकात, राधानगरीकडच्या आपल्या गावात, भाताचं रोप लावायला पहिलं बोलावणं यायचं ते तुझ्या टोळीला. एकजण मागं पडली की शेजारणी न बोलता तिचा पट्टा भरून काढायच्या. रानाच्या वाटेवरचा ओढा ओलांडतानाही तसंच. पुढं तू, मागं एकमेकींची मनगटं धरलेली साखळी. बारावी झाल्यावर मीही त्या साखळीत आले. एके दिवशी पाणी गढूळ, फुगलेलं. तू पाय घातलास आणि मागं घेतलास. "आज न्हाय जायाचं. पाणी वढतंय."

धाकटी काकी हसली. "आक्का, आपण एवढ्याजणी हाय की! आजवर कोण वाहून गेलंया व्हय?"

"न्हाय गेलं, म्हणूनच भ्या वाटतंय."

त्या ऐकणार नाहीत हे ओळखून तूच पुढं झालीस. मधोमध साखळी वाकली, पण सुटली नाही. त्या दिवशी दोन दिवसांचं रान आम्ही दिवस मावळायच्या आत लावून काढलं. येताना सगळ्या मोठमोठ्यानं हसत होत्या. तू मात्र घरी भाकरी तशीच ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी चढलेलं. तू काही बोलायच्या आत काकी उतरली, मागनं आम्ही. पाण्याकडं कुणी बघितलंच नाही, एकमेकींकडं बघत होतो. तू घाईनं पुढं होऊन काकीचा हात धरलास. मधे तिचे पाय सुटले. तुझ्या मुठीत फुटक्या बांगड्या राहिल्या. ती खालच्या वळणावर सापडली तेव्हा जीव उरला नव्हता.

पुढं पाणी घोट्यापर्यंत उतरलं. त्याच बायका काठावर उभ्या, पण कुणी कुणाचा हात धरेना. लांबच्या वाटेनं रानात गेल्या तरी काम उरकेना, एक मागं पडली की दुसरी कुरकुरायची. तू घरोघर गेलीस. "त्याच हाईसा की गं तुम्ही," म्हणायचीस. त्या दारातनंच आत वळायच्या. पुढच्या वर्षी बोलावणं दुसऱ्या टोळीला गेलं.

तू जाऊनही बरीच वर्षं झाली. मी शिरोलीच्या एका कारखान्यात बायकांच्या कामावर देखरेख करते. "हुतंय की, मॅडम," असं सगळ्या एका सुरात म्हणाल्या की काम खरंच लवकर होतं. तेव्हाच मी उगाच एकेक यंत्र तपासत फिरते. त्यांना वाटतं, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही.

हे धाडायचं कुठं? घडी करून ठेवते. पण एक सांगते. एवढं सगळं बघूनही, तू आज पुढं झालीस तर काही न विचारता मी तुझ्यामागं उतरेन. त्याचीच मला भीती वाटते.