हिराकसाच्या पाण्यातील पट्टी

लायडन, ३ मे १६७३
मी, वाउटर हेन्ड्रिक्स, वय अडुसष्ट, लिहिण्यावाचण्यास समर्थ, कोणाचाही मिंधा नसलेला, आजपासून डॉक्टर टोबियास यांच्या रसशाळेत भट्टी राखण्यास रुजू झालो. घर स्वच्छ, दुपारच्या जेवणातील हेरिंग मासा ताजा होता. माझा एकुलता मुलगा लीव्हन सरहद्दीवरील लढाईत मांडीला तलवार लागून तिकडेच छावणीत जखमी पडून आहे. त्याच्या जखमेची रक्ताळलेली पट्टी डॉक्टरांनी उपचारासाठी स्वीकारली. ती हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या हिरव्या क्षाराच्या, पाण्यात ठेवावयाची. तिच्यातील सूक्ष्म कण हवेतून जखमेपर्यंत पोहोचतात व ती भरून आणतात. यात जादू नाही. घड्याळातील चाकांप्रमाणे सारे चालते, असे त्यांनी समजाविले. मोलकरीण नेल्त्ये म्हणाली, "मग आजोबा, माझ्या टोपीला जेवू घाला की, माझं पोट भरेल!" मी भट्टीत कोळसा घालावयास गेलो.

११ मे
लीव्हनचा निरोप आला: ठणका थांबला. पाणी मी स्वहस्ते बदलतो. नेल्त्येस हे मुद्दाम ऐकविले.

१९ मे
लीव्हनचा सोबती टोपी हातात धरून दारात उभा राहिला. लीव्हन तापाने गेला. आठवड्यापूर्वीच त्याला पुरले. डॉक्टरांनी पाणी ओतून टाकण्यास सांगितले. ओतावयास गेलो, तर पट्टी कोमट लागली. पाण्यात ताजे रक्त होते.

२० मे
डॉक्टरांनी भिंगातून पाहिले. म्हणाले, कण त्याच्या जखमेकडूनही इकडे येत आहेत. मग भिंग पुसून ठेवले. पाणी बदलण्यास उशीर झाला, तशी पट्टी पिळवटली. ताजे पाणी घातले, तेव्हा निवली. मातीखाली त्याला ठणका लागतो. बापाने पाणी कसे बंद करावे?

२४ मे
रक्त कमी झाले. जखम भरत आहे. भरली, म्हणजे तो— पेटीत, मातीखाली, बरा होऊन—
नेल्त्ये आता थट्टा करीत नाही. आज रडत म्हणाली, "आजोबा, सोडवा हो त्याला."

२५ मे, सकाळ
पट्टी जाळली तरच संबंध तुटेल, असे डॉक्टरांचे मत. ते स्वतः जाळणार होते. मी म्हटले, मुलगा माझा आहे.
भट्टी पेटली आहे. डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा भट्टीच्या तोंडाशी. पट्टी बोटाभोवती घट्ट— लहानपणी बाजारात तो असेच धरी—
साक्षीदार: डॉक्टर टोबियास. नेल्त्ये, पाठमोरी. आणि मी, ज्याला मूठ उघडवत ना—