आतून कडी

तारीख ९, मंगळवार, दुपार

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. गुडघा धरलाय, म्हणून अर्धीच वाकले असं समजा. उरलेली घरी आल्यावर वाकेन. मी खुशाल, तुमचा भाचाही खुशाल. तुमची कंबर कशी आहे? माझी मांजर तुमच्याकडे जेवते की अजून रुसलीय? दोघीही फुगून बसला असाल तर घर कसं भरल्यासारखं वाटत असेल!

निघताना तुम्ही माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसलात. आदल्या दिवशी म्हणालात, "आईला पाच महिने समुद्र दाखवायला कोण नेतं गं? कशासाठी नेतोय ते नीट विचारून घे." मी म्हटलं, "तुम्हाला कुणी नेत नाही म्हणून पोटात दुखतंय." ते मी मागे घेते. लगेच हुरळून जाऊ नका, पत्र अजून पुढे आहे.

विमानतळाची गंमत ऐका. पोराच्या फळ्या तुम्ही अंगणात पाहिल्यातच. पाण्यात फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वारा नेईल तिकडे सुटायचं. ते सगळं तीन लांबलचक पिशव्यांत. एक तर एवढी की आत तुम्ही-मी पाय पसरून झोपू, वर तुमची बडबडही मावेल. काउंटरवरच्या मुलीने त्या मोठ्या पिशवीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मी म्हटलं, "अरे, माझं तर एवढंसं गाठोडं आहे."

"आई, दर तिकिटावर ठरावीक सामान नेता येतं. तुझं कुठे काही असतं?"

मग मला चाकाच्या खुर्चीत बसवलं, रांगेत उभं राहायला नको म्हणून. मला! टेकडी तुमच्या आधी चढणारीला! अर्ध्या वाटेत मी उठून तरातरा संडासला गेले, तर खुर्ची ढकलणारा हात जोडायच्या बेतात होता.

इथे एकच खोली. एक खाट, एक सतरंजी, बाकी सगळ्या पिशव्या. न्हाणीत जायचं तर शिडावरून तंगड्या टाकत जायचं. खिडकीतून समोरची भिंत दिसते आणि कपडे वाळत घालायची तार. शेजारणीचे मोजे मला तोंडपाठ झालेत. समुद्र दोन गल्ल्या पुढे आहे. आवाज येतो.

आवाजच येतो, वन्सं. दाराला बाहेरून कुलूप लागत नाही, नुसती आतून कडी आहे. वारा कमी असला की तो मोठं शीड नेतो, जास्त असला की लहान. उरलेलं सामान इथे. महागाचं, आणि चोऱ्या होतात म्हणे. मग आत कुणीतरी कडी लावून बसायला हवंच की. पहिल्याच आठवड्यात घरमालकाचा मिस्त्री कुलूप बसवायला आला होता. तुमच्या भाच्याने त्याला परत पाठवलं. मला म्हणाला, "कुलूप कशाला? तू आहेस की."

मला तेव्हा बरं वाटलं होतं.

चार महिन्यांत समुद्र एकदाच पोटभर पाहिला. त्या दिवशी शर्यत होती. सगळं सामान किनाऱ्यावर न्यायचं होतं, म्हणून मलाही नेलं. खोटं कशाला बोलू, पोरगा पाण्यावर देखणा दिसतो. अगदी तुमच्या भावासारखा. फक्त तुमचा भाऊ सायकलवरूनही पडायचा. मी एवढ्या टाळ्या पिटल्या की आजूबाजूचे वळून बघायला लागले.

आता इथला वारा संपत आला. महिनाअखेरीस घरी जायचं असं ठरलं होतं. परवा म्हणाला, दुसऱ्या एका देशात आता वारा सुरू होतोय, अजून चार महिने तिकडे जाऊ. मी म्हटलं, "तू जा. मला घरी पाठव. मला जमेल एकटीने, खुर्चीशिवाय."

तो पिशवीची चेन लावत होता. वर न बघता म्हणाला, "मग हे सगळं मी एकटा कसं नेऊ?"

एवढंच. ओरडला नाही, काही नाही. जेवताना मला आधी वाढलं.

माझा पासपोर्ट त्याच्या खिशात. फोनही त्याचाच, बोलताना समोर बसलेला असतो, म्हणून हे पत्र. जिना पुसणारी बाई पोस्टात टाकेल. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. मी पत्र दाखवलं, मग दाराच्या कडीकडे बोट दाखवलं. तिने पत्र पदराआड ठेवावं तसं अॅप्रनच्या आत ठेवलं.

तर वन्सं, तुम्ही आजारी पडा. कंबरच घ्या, ती कुणाला दिसत नाही. दवाखान्यापर्यंत जाऊ नका, खाटेपर्यंत पुरे. पंचवीस तारखेच्या आत सकाळीच फोन करा, तेव्हा वारा नसतो आणि तो खोलीत असतो. कण्हत म्हणा, "तुझ्या आईला पाठव, माझं करायला कुणी नाही." तुमच्या कडेवर वाढलाय, आत्याला तो नाही म्हणणार नाही. मी शेजारी उभी राहून रडेन. तुमच्यासाठी रडायची पहिलीच वेळ, पण जमेल.

एक सांभाळा. "तूही ये" असं त्याला म्हणू नका. त्यावर तो काय म्हणेल ते मला ऐकायचं नाही. आणि कुणी विचारलं तर सांगा, मुलाने आईला समुद्र दाखवायला नेलं होतं. खरं काय ते तुम्हाला आधीच कळलं होतं. ते मला एकटीला वाट्टेल तेवढं ऐकवा, दार लावून. नको, दार उघडंच ठेवा. हळू बोला.

पिशवीवरची माझ्या नावाची चिठ्ठी आज नखाने खरवडली. अर्धी निघाली. उरलेली तुमचा फोन येईपर्यंत काढते.

कडी लावून, तुमच्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुमची भावजय