प्रज्ञेशच्या लग्नाचा मुख्य फोटोग्राफर

१ नोव्हेंबर, शनिवार
प्रज्ञेशचं लग्न ठरलं. एकवीस डिसेंबर, बिबवेवाडीतला हॉल. मुलगी आम्रपाली, बँकेत आहे. छान हसते, म्हणजे फोटोच्या दृष्टीने निम्मं काम झालेलंच आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की लग्नाचे फोटो मी काढणार आणि हीच माझी भेट. प्रज्ञेश इतका भारावला की त्याला शब्द फुटेना. मग त्याने चहा मागवला. गहिवरला की तो विषय बदलतो, हे मी अकरावीत आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हापासून बघतोय.
संकल्प: उद्यापासून रोज एक तास सराव.

२ नोव्हेंबर, रविवार
सराव झाला नाही. चार्जर सापडत नाही. त्याऐवजी चिंतन केलं.

५ नोव्हेंबर, बुधवार. कंपनीच्या बसमध्ये
हिंजवडीचा ट्रॅफिक. बस उभी आहे, त्यामुळे अक्षर चांगलं येतंय. चार्जर सापडला, आईने तो मिक्सरच्या जुन्या वायरींत ठेवला होता.
आज मास्टरपीस सुचला. लग्नात खरा फोटो एकच असतो. अंतरपाट खाली येतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात तो. बाकी सगळे फोटो म्हणजे माणसं, खुर्च्या आणि आइस्क्रीम. तो एक फोटो मी असा काढणार की प्रज्ञेशची नातवंडं विचारतील, हा कोणी काढला?

९ नोव्हेंबर, रविवार
रंगीत तालीम. आई-बाबांना समोरासमोर उभं केलं, मध्ये चादर धरायला कपडे वाळत घालायच्या दोन काठ्या. चादर सात वेळा खाली आणली. आई म्हणाली, आमच्यामधला एकदा खाली आला तेवढा पुरे झाला, आता भाजी करपेल. बाबा पूर्ण वेळ पेपर वाचत होते. फोटोत आईचा उजवा कान स्पष्ट आला आहे. फोकसचा प्रश्न सुटत चालला आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
प्रज्ञेशचा फोन. आधी हवेबद्दल बोलला, मग मेट्रोबद्दल. मग म्हणाला की आम्रपालीने एक प्रोफेशनल फोटोग्राफर ठरवली आहे, वल्लरी नावाची. मग पुढे म्हणाला, तू मोकळा राहा, मला तू माझ्या शेजारी पाहिजेस.
पाच मिनिटं वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, दहा मिनिटं. मग नीट विचार केला. मोकळा राहा, म्हणजे मला कलात्मक स्वातंत्र्य आहे. शेजारी पाहिजेस, म्हणजे क्लोजअप माझे. वल्लरीबाई आत्या-मामांचे रांगेतले फोटो काढतील, जे मला तसंही बोअर होतं. थोडक्यात, मला एक असिस्टंट मिळाली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
स्वारगेटजवळ कॉफीला भेटलो, आम्ही चौघं. वल्लरीने कॅमेऱ्याबद्दल एक शब्द काढला नाही. पायऱ्या चढता येत नाहीत असं घरात कोण आहे, सुरुवातीची वंदना किती वेळ चालते, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, असलं विचारत होती. हे फोटोग्राफरचं काम आहे की जनगणनेचं?
मी तिला माझ्या लेन्सविषयी सविस्तर सांगितलं. छान, म्हणाली. मग विचारलं, दोघंही पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरं कापड, तर तुम्ही सेटिंग काय ठेवणार? मी म्हणालो, ऑटो. तिने कॉफी ढवळली. साखर घातली नव्हती, तरी ढवळली.
शेवटी मी स्पष्ट सांगितलं की अंतरपाटाचा फोटो माझा, त्या वेळी कोणीही मध्ये येऊ नये. वल्लरीने प्रज्ञेशकडे पाहिलं. प्रज्ञेश म्हणाला, आमोद, अरे आमच्यात... मी त्याला तिथेच थांबवलं. म्हणालो, तुमच्यात सगळं आटोपशीर असतं, मला माहीत आहे, मी तुझ्या ताईच्या लग्नाला आलो होतो. आम्रपालीने विचारलं, कधी आला होतात? जेवायच्या वेळी, मी म्हणालो. ती हसली. खरंच छान हसते.

७ डिसेंबर, रविवार
गर्दीत फोटो काढायचा सराव हवा म्हणून सकाळी मार्केट यार्डात, फुलांच्या बाजारात गेलो. शेवंतीचे ढीग, सुंदर उजेड. मी गुडघ्यावर बसून अँगल लावला. मागून एक हमाल पाटी घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, फोटो जिवंत राहिलात तर काढा. त्याला वाट दिली. मग दुसऱ्याला दिली. दीड तास वाटच देत होतो. फोटो एकही नाही, पण गर्दीत उभं कसं राहायचं ते समजलं. निशिगंधाची जुडी आणली. आई म्हणाली, गेलास ते एक बरं झालं.

१४ डिसेंबर, रविवार
पत्रिका आली. आई म्हणाली, नीट वाच. वाचली. सकाळी अकरा. म्हणजे मुहूर्त साडेअकराचा धरू, लागणार बाराला. मी अनुभवी माणूस आहे.

२० डिसेंबर, शनिवार
बॅग भरली. बॅटरी एकच आहे, म्हणून धोरण ठरवलं: मुख्य क्षणापर्यंत कॅमेरा बंद. वल्लरी दिसेल त्याचे फोटो काढत सुटेल. कलावंत वाट बघतो.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ
शांतपणे लिहितो.
दहालाच पोचलो, अगदी पुढची जागा धरली. स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पांढरं कापड, मेणबत्त्या. अकराच्या ठोक्याला सुरू. पुण्यात अकरा म्हणजे अकरा, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्रिशरण आणि पंचशीलाला सगळे हात जोडून उभे राहिले, मीही राहिलो. कॅमेरा गळ्यात. अशा वेळी फोटो काढणं मला बरं दिसेना, आणि खरं सांगायचं तर प्रज्ञेशचा चेहरा बघून माझेच डोळे भरून आले होते. मग दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या. मग एकमेकांना पांढरे हार घातले. मी बॅटरी वाचवत होतो. माझ्या मते ही पूर्वतयारी चालली होती. वरून फुलांच्या पाकळ्या पडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.
मग मी कॅमेरा सुरू केला, बोट बटणावर ठेवलं आणि शेजारच्या मालनबाईंना, म्हणजे प्रज्ञेशच्या आत्याला, विचारलं की अंतरपाट कधी धरणार? त्या म्हणाल्या, लगीन लागलं की बाळा. तुझ्या डोक्यावर पाकळ्या हायेत, त्या कशाच्या वाटल्या तुला?
आमच्यात अंतरपाट नसतो, हेच बिचारा कॉफीच्या दिवशी सांगत होता. सोळा वर्षांची मैत्री, आणि मी त्याच्या घरच्या लग्नात फक्त जेवलोय.
पण डगमगलो नाही. उरलेल्या कार्यक्रमावर तुटून पडलो. पुढून, खालून, खुर्चीवर चढून. वल्लरी दोनदा म्हणाली, जरा बाजूला होता का? कामाच्या धुंदीत माणसाला ऐकू येत नाही. मित्रांचा फोटो होता तेव्हा प्रज्ञेशने स्टेजवरून हाक मारली, आमोद, वर ये. मी खूण केली, हलू नकोस, फ्रेम मस्त आहे. त्याने पुन्हा बोलावलं. मी पुन्हा खूण केली. मग बॅटरी संपली. तोपर्यंत जेवणाच्या रांगेचे पुष्कळ फोटो आले होते.

२५ डिसेंबर, गुरुवार. सुट्टी
फोटो पाहिले. पांढरं सगळं करडं आलंय, ओटा पुसलेल्या फडक्यासारखं. मी याला मूड म्हणतो. आई म्हणाली, ढगाळ होतं का त्या दिवशी? जिलबीचा फोटो मात्र अप्रतिम. निवडक दहा प्रज्ञेशला पाठवले. त्याने अंगठा पाठवला. शब्द फुटत नसणार.

१८ जानेवारी, रविवार
प्रज्ञेशच्या घरी जेवायला गेलो. वल्लरीचा अल्बम आला आहे. चुका शोधायच्या तयारीनेच बसलो होतो. मालनबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून नवरा-नवरी खाली उतरून त्यांच्या खुर्चीशी बसले आहेत, असा एक फोटो आहे. हार घालतानाचा आहे, त्यात पांढरं अगदी पांढरं आहे. चूक सापडली नाही.
मग मित्रांचा फोटो आला. सगळे दाटीवाटीने उभे, आणि प्रज्ञेशच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा रिकामी. मी म्हणालो, ही बघा चूक, कंपोझिशनमध्ये भोक पडलंय. आम्रपाली म्हणाली, ती तुमची जागा आहे. सगळ्यांना पाच मिनिटं उभं ठेवलं होतं यांनी.
प्रज्ञेश ताटात बघत म्हणाला, प्रोफेशनल घेतली ती तुझ्यामुळेच. तू फोटो काढत बसला असतास तर माझ्या शेजारी कोण उभं राहिलं असतं? मग त्याने विषय बदलला, भात वाढू का म्हणाला.
मी दोनदा भात घेतला. नाही म्हणवेना.

१९ जानेवारी, सोमवार
बसमध्ये तोडगा सुचला. त्या रिकाम्या जागेत मी स्वतःला एडिट करून उभा करणार. जागा आहे, कौशल्य आहे, फक्त त्या दिवशीचा माझा एक फोटो हवा. माझ्या कॅमेऱ्यात शोधला. मी कुठेच नाही, मी तर काढत होतो. कंपनीच्या ओळखपत्रावरचा लावून पाहिला. प्रज्ञेशच्या खांद्यावर मी पासपोर्ट काढायला आल्यासारखा दिसतो.
शेवटी मान खाली घालून वल्लरीला फोन केला. विचारलं, तुमच्याकडे त्या दिवशीचा माझा एखादा फोटो असेल का हो?
म्हणाली, एखादा कशाला, अल्बमात न घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत आहात. सगळे पाठमोरे.